काळा पडलेला हिमेमासू? एका प्रतिक्रियेला उत्तर

नामशेष मानलेल्या आणि 2010 मध्ये पुन्हा सापडलेल्या कुनिमासू या जपानी सामन माशावरच्या माझ्या लेखाखाली 'सदाशिवपेठी' या टोपणनावानं प्रतिक्रिया आली आहे: "सत्तर वर्षांनी सापडला वगैरे सगळा गाजावाजा. काळा पडलेला हिमेमासूच तो. जुन्या नमुन्यांशी डीएनए जुळवला का? आणि मुठेतले मासे संपले म्हणून जपानला गेलात का?"

अहो, शंका जरूर विचारा. पण आधी निकाल सुनावायचा आणि मग पुरावा मागायचा, ही कुठली रीत? माशांची पोटं फाडून मोजमापं घेण्यात माझी सगळी नोकरी गेली. निदान लेख पूर्ण वाचून बोलला असतात, तर बरं झालं असतं.

एक मान्य. रंगावरून जात ठरवू नये. विणीच्या काळात हिमेमासूचाही रंग पालटतो आणि फोटोत हमखास फसायला होतं.

पण म्हणून तो हिमेमासूच? हिमेमासू म्हणजे समुद्रात न जाता तळ्यातच राहिलेला सॉकाय सामन. तो शरद ऋतूत विणतो, तेही काठालगत किंवा तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यात. जपानमधल्या साइको तळ्यातला कुनिमासू 2010 मध्ये मिळाला तो मार्चच्या सुमारास विणीला आलेला, 30 ते 40 मीटर खोलीवर, 4 अंश सेल्सिअसच्या पाण्यात. एकाच तळ्यात दोघांचा हंगाम वेगळा, जागा वेगळी. मायक्रोसॅटेलाइट तपासणीतही (डीएनएतले पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे ताडून पाहण्याची पद्धत) दोघांचा संकर आढळला नाही. नुसता रंग बदलल्यानं असं होतं का?

आता जात ओळखण्यासाठीची मोजणी. पहिल्या कल्ल्याच्या कमानीवरचे दाते मोजताना टोकांचे खुरटे दातेही धरायचे. ते सोडले की आकडा घसरतो. तरी दोन्ही जातींचे आकडे एकमेकांत मिसळतात, म्हणून नुसत्या दात्यांवर भिस्त ठेवू नये. जठराच्या शेवटाशी असलेल्या अंधनलिका, म्हणजे टोकाला बंद असलेल्या बारीक नळ्या, जास्त कामाच्या: कुनिमासूत कमी, हिमेमासूत बऱ्याच जास्त. त्या पाण्यात बुडवून सुईनं सुट्या करायच्या आणि बुडाशी मोजायच्या. टोकाशी मोजल्या तर फाटे फुटलेली एकच नळी दोनदा मोजली जाते. विणून थकलेल्या माशात त्या आक्रसतात, जुन्या नमुन्यात चिकटून तुटतात. घाईघाईत मोजणाऱ्याला त्या हमखास कमी दिसतात आणि मग हिमेमासूचाही कुनिमासू होतो. तुमची शंका इथे असती, तर मी आनंदानं वाद घातला असता.

आणि हा मासा साइकोत काही आकाशातून पडलेला नाही. 1935 मध्ये अकिता प्रांतातल्या ताझावा तळ्यातून त्याची डोळे आलेली (आतल्या पिल्लाचे डोळे दिसू लागलेली) 1 लाख अंडी तिथे नेली होती. 1940 मध्ये वीज आणि शेतीसाठी तामा नदीचं आम्लधर्मी पाणी ताझावात वळवलं आणि तिथला कुनिमासू संपला. त्या नदीला मिळणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्याचा सामू (pH) 1.2 च्या आसपास, म्हणजे जहाल आम्ल आहे. तसल्या पाण्यात मासा जगेल कसा? म्हणजे सापडला तो पाठवलेल्या जागीच. यात गाजावाजा कसला?

राहिला डीएनए. जुने नमुने फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या रसायनातले. त्यातून निघाला तर तुकडे झालेला डीएनए निघतो. त्यावर इथे इतकंच.

मुठेबद्दल म्हणाल, तर महसीरवर लिहिलं तेव्हा खाली कालवणाची कृती मागणारेच जास्त आले होते. तुम्ही त्यांत नव्हतात, एवढं धरून चालतो.

यापुढे कुठल्याही माशाच्या जातीबद्दल छातीठोक बोलायचं असेल, तर डीएनएसाठी पराचा तुकडा आधी कापून अल्कोहोलमध्ये ठेवा आणि मगच मासा फॉर्मॅलिनमध्ये टाका.