खुलासा : १०१ गुणांचा विक्रम, आणि माझी चूक

अमेरिकेत शालेय मुलींच्या बास्केटबॉलचे प्लेऑफ जवळ आले म्हणून मी परवा लिहिलं होतं : 'लिसा लेस्लीने एका सामन्यात १०१ गुण केले, शालेय मुलींमध्ये हा आजही विक्रम आहे.' पोस्ट बरीच फिरली. त्यातलं विक्रमाचं वाक्य चुकीचं आहे.

१०१ गुण खरे. फेब्रुवारी १९९०, लेस्ली तेव्हा कॅलिफोर्नियातल्या मॉर्निंगसाइड शाळेकडून खेळत होती. पण ते फक्त पूर्वार्धातले, म्हणजे १६ मिनिटांतले! धावफलक १०२-२४ असताना साउथ टॉरन्सच्या संघाने उत्तरार्ध खेळायला नकार दिला आणि सामना तिथेच संपला. शेरिल मिलर या आधीच्या शालेय खेळाडूचे १९८२ मधले १०५ गुण त्यामुळे चारने वरच राहिले. पुढे १ फेब्रुवारी २००६ रोजी न्यूयॉर्कच्या एपिफनी प्रिन्सने ११३ केले आणि मिलरही मागे पडली.

एका वाचकाने हटकलं, तेव्हा त्या काळच्या वृत्तपत्रांतल्या बातम्या पुन्हा काढून पाहिल्या. आधीच पाहायला हव्या होत्या. (तसं पाहिलं तर १६ मिनिटांत १०१ ही गोष्ट विक्रमापेक्षाही अचाट वाटते मला.)

जुनी पोस्ट काढली आहे. तुमच्याकडे असेल तर कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवली असेल त्यांना हा खुलासा पाठवा.