कळवतो म्हणून गेलेला मासा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या दक्षिण भागात मस्की पकडण्याचा हंगाम मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी उघडतो. मस्की म्हणजे मस्केलंज. लांबलचक, तोंडभर दात असलेला, या राज्याचा अधिकृत मासा. सरकारी नियम असा की बहुतेक तळ्यांवर 40 इंचांच्या आतला सापडला तर सोडून द्यायचा. इथल्या मस्कीवाल्यांचा नियम असा की 40 इंचांच्या वरचा सापडला तरी सोडून द्यायचा. हे मी मालवणला फोनवर सांगितलं तेव्हा आई थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "गावलेलो मासो सोडूचोच आसा, तर मगे पकडूचो कित्याक?"

आईचा प्रश्न बिनतोड आहे, पण तो माझ्यापर्यंत पोचतच नाही. सोडायला आधी मासा लागावा लागतो, आणि तो लागण्याआधी ल्यूर, म्हणजे गळाचं नकली आमिष, निवडावं लागतं. माझी सगळी हयात त्या दुसऱ्या पायरीवर चालली आहे. आमच्याकडे रापण ओढायला अर्धा गाव लोटतो. जाळं सगळ्या माशांना मिळून एकच. कुठल्या बांगड्याला कुठला रंग भावतो याची चौकशी कुणी करत नाही.

इथल्या दुकानात मात्र अख्खी भिंत नकली माशांची. बकटेल म्हणजे फिरणारं पातं आणि मागे केसांचा झुपका. अँटिगो नावाच्या गावात मेप्सचे बकटेल बनतात, त्यांतल्या झुपक्यांना खारीच्या शेपटीचे केस लागतात, आणि कंपनी त्या शेपट्या शिकाऱ्यांकडून रीतसर विकत घेते. सेतूबंधनानंतर खारीचा वाटा इतक्या गांभीर्याने कुणी घेतला नसेल. मग जर्कबेट. त्याच अँटिगोच्या फ्रँक सुइकने लाकडाच्या फळीला गळ लावून जे बनवलं, त्याला अजून मागणी आहे. ते आपणहून काहीच करत नाही. रॉडला हिसका द्याल तेव्हा बुडी मारतं, हिसका थांबला की वर येतं. संध्याकाळपर्यंत आपला खांदा निकामी. ग्लाइड बेट डावीकडे-उजवीकडे डुलत येतं. शिवाय रबराची, हाताच्या पंजाएवढी, वळवळणारी शेपटी असलेली. डॉलरचे रुपये करायचे नाहीत असं मी अमेरिकेत आलो तेव्हाच ठरवलं होतं. त्या भिंतीसमोर ते व्रत मोडतं.

माझे गुरू म्हणजे शेजारचे निवृत्त गृहस्थ. वसंतातल्या मस्कीबद्दल त्यांचं शास्त्र पक्कं. पाणी साधारण 10 ते 15 अंश सेल्सियसला आलं की मस्की उथळात अंडी घालतात. पिल्लांकडे ढुंकूनही न बघता मोकळ्या होतात, पण पुढे काही दिवस दमलेल्या, सुस्तावलेल्या असतात. तेव्हा ल्यूर लहान हवं, हळू ओढायला हवं, आणि उथळ पाण्यात हवं. तळ्याच्या उत्तरेकडचे कोपरे आधी तापतात, कारण तिथे ऊन सरळ पडतं आणि उत्तरेचा गार वारा लागत नाही. तळ काळा चिखलाचा असेल तर आणखी चांगलं. नवी पाणवनस्पती जिथे उगवू लागली असेल, तिच्या कडेकडेने फेकायचं. इथपर्यंत मला सगळं पटतं. मग ते शांतपणे पुढचं वाक्य टाकतात, "अर्थात, मोठ्या माशाला मोठंच लागतं." झालं. लहानाबरोबर मोठंही घ्यावं लागतं.

रंगाचं तर बोलूच नये. ऊन असेल तर भडक, ढग असतील तर गडद. मात्र पाणी गढूळ असेल तर ढगातही भडक. मे महिन्यातल्या विस्कॉन्सिनमध्ये एका तासात ऊन, ढग आणि गारा असं सगळं होऊन जातं, त्यामुळे दर पंधरा मिनिटांनी ल्यूर बदलत बसायचं, तेही बोटं गारठून काड्या झालेली असताना. याला इथले लोक वसंत म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे की हे रंग माशासाठी नसतात, दुकानात येणाऱ्यासाठी असतात. मस्की आजवर एकदाही दुकानात आलेली नाही.

पुढचा सरंजाम वेगळाच. दोरा दातांनी तुटतो म्हणून पुढे तारेचा लीडर. मासा मावेल असं भलंमोठं जाळं. गळ खोल रुतला तर तो तोडून माशाला लवकर मोकळं करता यावं म्हणून बोल्ट कटर. हा कटर मी घरी आणला तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "मासे पकडायला चाललायस की घरं फोडायला?"

आणि मग खरी साधना, म्हणजे आठचा आकडा. मस्कीला दहा हजार फेकींचा मासा म्हणतात. त्यातली प्रत्येक फेक संपताना ल्यूर होडीपाशी आलं की रॉडचं टोक पाण्यात खुपसून इंग्रजी आठचा आकडा गिरवायचा. कारण ही मासोळी ल्यूरच्या मागे मागे येते आणि चावायचं की नाही याचा विचार शेवटच्या हातभर अंतरात करते. वळणं मोठी हवीत, तिच्या लांबीला वळता आलं पाहिजे. विंग्रा तळ्यावर, मॅडिसन शहराच्या मधोमध, चिडीचूप होडीत उभा राहून मी आठ गिरवत असतो आणि काठावरून पळायला निघालेली मंडळी माझ्याकडे सहानुभूतीने बघतात.

कधीतरी ती येतेसुद्धा. पाण्यातून एक लांब सावली वर चढते, ल्यूरच्या दोन बोटं मागे थांबते. मुलगी बघायला आलेल्या मंडळींनी पोहे खावेत, घर न्याहाळावं, पगार विचारावा आणि "कळवतो" म्हणून जिना उतरावा, तशी ती सगळं निरखून, एकदा माझ्याकडेही नजर टाकून, निवांत खाली निघून जाते. कळवत कधीच नाही. यावर गुरुजींचं निदान तयार असतं. भडक घेतलं असेल तर भडक म्हणून, गडद घेतलं असेल तर गडद म्हणून.

वादाची परंपरा मात्र या माशाला थोर आहे. 1949 साली विस्कॉन्सिनमधल्याच हेवर्ड गावाच्या आसपास लुई स्प्रे यांनी 69 पौंड 11 औंसांची मस्की पकडल्याची नोंद आहे. त्याच साली, त्याच परिसरात कॅल जॉन्सन यांची 67 पौंड 8 औंसांची. विश्वविक्रम नक्की कुणाचा यावर लोक अजून भांडतात. हेवर्डला तर 143 फूट लांबीची फायबरग्लासची मस्कीच उभी केली आहे. तिच्या जबड्यात उभं राहून फोटो काढता येतो. माझा मस्कीबरोबरचा एकुलता एक फोटो तोच.

तर गेल्या मे महिन्यात भर दुपारी गुरुजींनी रॉड होडीच्या कडेला टेकवला आणि खायला सँडविच उघडलं. ल्यूर पाण्यात नुसतं लोंबत होतं. हळू नाही, जलद नाही, आठ नाही, काही नाही. त्यालाच ती धाडकन लागली! मोजली तर 43 इंच. पक्कडीने गळ काढला, दोन्ही हातांनी पाण्यात धरली, आणि ती शेपटीचा एक फटकारा देऊन गेली. गुरुजी अर्धं सँडविच उचलत म्हणाले, "हेही एक तंत्रच आहे."

मी ल्यूर हातात घेऊन पाहिलं. वर्षानुवर्षांच्या दातांनी त्याचा रंग पार खरवडून गेला होता. रंग असा उरलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो आणि रंग उडालेलं ल्यूर मागितलं. काउंटरवरचा पोरगा जराही हसला नाही. मागच्या कप्प्याकडे वळत म्हणाला, "त्यात तीन शेड आहेत. कुठली दाखवू?"