फायब्रॉइड आहे म्हणून पिशवी काढायलाच हवी?

फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयात (पिशवीत) होणाऱ्या गाठींबद्दल एक मेसेज सध्या बायकांच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं: रेडिऑलॉजिस्ट (एक्स-रे, सोनोग्राफीचा डॉक्टर) फक्त फोटो काढतो, त्याच्याकडून उपचार घेऊ नका; तो रक्तात सोडतो ते प्लास्टिकचे मणी हृदयात जातात; मुलं झाल्यावर पिशवी ठेवली तर कॅन्सर होतो, सरळ काढून टाका. हे वाचून माझ्या वहिनीने डॉक्टरांची ठरलेली वेळ रद्द केली. महिन्यामागून महिने तिच्या अंगावरून जातंय, रक्त कमी झालंय, आणि निर्णय कोण घेतंय तर फॉरवर्ड!

फोटो काढण्याचं आधी. १९६४ साली अमेरिकेत पोर्टलंडला एका ८२ वर्षांच्या बाईंनी पाय कापायला नकार दिला, तेव्हा त्यांची तुंबलेली धमनी कॅथेटरने (बारीक नळीने) मोकळी करून पाय वाचवणारे चार्ल्स डॉटर रेडिऑलॉजिस्टच होते.

आता मणी. एम्बोलायझेशन नावाच्या या उपचारात ते गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीत सोडतात. तिथलं रक्त हृदयापासून लांब वाहतं आणि मणी केशवाहिन्यांपेक्षा कितीतरी मोठे, म्हणून ते तिथेच अडकतात. रक्त तुटलं की गाठ आकसते.

खरा संताप येतो तो कॅन्सरच्या धमकीचा. फायब्रॉइड ही कॅन्सरची गाठ नव्हे. पाळी गेल्यावर ती बहुधा आपोआप लहान होते. हीच भीती घालून बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींची चाळिशीही उलटली नव्हती. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली की हाडं लवकर ठिसूळ होतात, हे त्या मेसेजात कुठेच नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागते: पिशवी काढली की गाठी परत येत नाहीत. ब्रिटनमधल्या ‘रेस्ट’ चाचणीत (२००७) एम्बोलायझेशन झालेल्या बायका साधारण एका दिवसात घरी गेल्या, शस्त्रक्रियेवाल्या पाच दिवसांनी. वर्षभराने दोन्हींकडचं जगणं जवळपास सारखंच सुधारलेलं. मात्र पाच वर्षांत एम्बोलायझेशनवाल्या तिघींतल्या जवळपास एकीला पुन्हा उपचार लागले. म्हणजे उरलेल्या दोघींचं त्यावरच भागलं. पुढे मूल हवं असेल तर निर्णय आणखी जपून घ्यावा लागतो, आणि कॅन्सरची खरीच शंका असेल तर एम्बोलायझेशन करतच नाहीत.