अंथरूण पाहून तीन पाय

सध्या मी बायकोच्या शालीत झोपतो. पाय झाकले तर खांदे उघडे, खांदे झाकले तर पाय. माझी सोलापुरी चादर शहराबाहेरच्या एका प्राणी-निवाऱ्यात आहे आणि तिच्यावर बंड्या नावाचा कुत्रा झोपतो. बंड्याला तीन पाय आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण हकीकत अर्ध्यावर आली की समोरचा हमखास म्हणतो, "अरे, पण बिचाऱ्याला तीनच पाय ना?" आणि तिथे माझी केस निकालात निघते.

झालं ते एवढंच. शाळेतून चिठ्ठी आली, ‘मुक्या प्राण्यांसाठी घरातले जुने टॉवेल, चादरी, रद्दी पाठवावी.’ तिसरीतल्या आमच्या कन्येने ‘जुने’ हा शब्द मनावर घेतला आणि घरातली सगळ्यात जुनी वस्तू शोधली. ("सगळ्यात जुने तूच होतास, पण तू दप्तरात मावत नाहीस," इति सौ.) चादरीच्या बदल्यात तिला पंजाचा ठसा असलेलं ‘प्राणिमित्र’ प्रमाणपत्र मिळालं. लॅमिनेट केलेलं. ते फ्रीजवर आहे. रात्री पाणी प्यायला उठलो की दिसतं.

चादरीबद्दल दोन शब्द. १९९४ साली हॉस्टेलला जाताना वडिलांनी घेऊन दिलेली. तेव्हा अंगाला टोचायची. टोचणं बंद व्हायला सात वर्षं लागली. एका कोपऱ्यात मार्करने लिहिलेला खोली नंबर, दुसऱ्या कोपऱ्यात इस्त्रीने पडलेलं टिकलीएवढं भोक. ओली झाली की वजन असं, की पिळायला दोन माणसं लागतात. एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने उलटा पीळ द्यायचा. आमच्या लग्नानंतरचं पहिलं भांडण त्या पिळण्यावरूनच झालं होतं. असो.

रविवारी कन्येला घेऊन निवाऱ्यावर गेलो. फाटकाशी टेबल, टेबलावर रजिस्टर, आणि रजिस्टरमागे अकराएक वर्षांची चष्मेवाली मुलगी. रविवारी म्हणे लहान मुलंच कार्यालय सांभाळतात.

"काका, देणगी की दत्तक?"

"परत," मी म्हणालो.

तिचा चेहरा एकदम कडक झाला. "कुत्रा परत करायचाय?"

"नाही गं. चादर. चादर परत हवीय."

तिने पानं उलटली. "देणाऱ्याचं नाव?"

मी कन्येकडे बोट दाखवलं.

"मग ती मागू शकते. तुम्ही कसे मागणार?"

"चादर माझी आहे."

"म्हणजे हिने चोरून दिली?"

कन्या माझं बोट धरून उभी होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आता बापाने काय म्हणावं?

"चोरून नाही. चुकून."

"बाबा, मी चुकून नाही दिली," कन्या म्हणाली. "मी सगळ्यांत मऊ बघून दिली."

रजिस्टरवालीने ‘ऐकलंत?’ अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. मग जरा मवाळ होऊन म्हणाली, "अशा केसेस येतात, काका. मागे एक आजोबा स्वेटरसाठी आले होते."

"मिळाला का?"

"त्यात मांजरीला चार पिल्लं झाली. आता आजोबा दर रविवारी बघायला येतात. गुळपोळी आणतात, पण ती मांजरीला चालत नाही. आम्ही खातो."

मी आवाज चढवला. भटक्या कुत्र्यांचे एवढे लाड कशाला, वगैरे. ही माझी चूक. तिने चष्मा वर सारला आणि सांगितलं, की १८३२ साली इंग्रज सरकारने मुंबईत मोकाट कुत्री मारायला काढली तेव्हा पारशी लोकांनी दंगल केली होती, बाजार बंद पाडले होते. आणि १८३४ साली भुलेश्वरला पांजरपोळ निघाली. "आमचा प्रोजेक्ट होता. परळचं बैलघोड्यांचं हॉस्पिटल १८८३चं आहे. ते मी चार्टवर काढलंय. बघायचंय?"

मला चार्ट बघायचा नव्हता. मी बघितला. घोडा बरा जमला होता.

शेवटी बंड्याचं दर्शन. पिंजऱ्यात माझी चादर चौपदरी घालून ठेवलेली, मार्करचा नंबर वरच. तांबूस रंग, कानाला नसबंदीची खाच, मागचा डावा पाय नाही. माझ्यादेखत तो उठला, पुढच्या पंजांनी चादर खसाखसा उकरली, स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्या आणि इस्त्रीच्या भोकावर बरोबर नाक ठेवून पडला. ते भोक मीही झोपताना बोटाने चाचपायचो.

"बदली देता येईल," रजिस्टरवाली म्हणाली. "तुम्ही दुसरी आणा. पण बंड्याला पसंत पडली पाहिजे."

मुलगी दाखवायला न्यावी तशी मी बाजारातून नवी चादर आणली. साडेसातशे रुपये. दुकानदाराने विचारलं, "पाहुण्यांसाठी का?" मी हो म्हणालो. बंड्याने ती चारी बाजूंनी हुंगली आणि मग... उचलायला पाय नव्हता, पण हेतू स्पष्ट होता.

"म्हणजे आवडली त्याला," ती म्हणाली.

"मग जुनी देतेस?"

"ती तर आवडतेच ना त्याला. आणि नवी आता तुम्ही तरी कशी नेणार?"

पावती मागितली तर म्हणाली, "देणगीवरची ऐंशी-जी करसवलत फक्त पैशांवर मिळते काका, वस्तूंवर नाही. आणि तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर तसंही मिळत नाही." अकरा वर्षांची मुलगी! मी आहे नव्या करप्रणालीत.

परतीच्या वाटेवर मी कन्येशी बोललो नाही. राग तिचा नव्हता, खरं म्हणजे. मुलं दानशूर असतात. दुसऱ्यांच्या कपाटातून असली तरी असतात. चिडायचं ते याच्यावर, की केंद्र सरकारच्या २०२३च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे महापालिकेचं काम, आणि देणगीचे डबे घेऊन दारोदार फिरतात तिसरीतली पोरं. त्याच नियमांत सोसायटीने कुत्र्यांना खायला घालायची जागा ठरवून द्यायची असंही आहे. आमच्या सोसायटीने ठरवली: दुसऱ्या सोसायटीच्या फाटकासमोर. खालच्या मजल्यावरच्या काकू आमच्या फाटकाशी पोळ्या टाकतात म्हणून त्यांच्याविरुद्ध पत्र गेलं, त्यावर बत्तीस सह्या आहेत. त्यातल्या निम्म्या घरांच्या फ्रीजवर ‘प्राणिमित्र’ आहे. बाविसावी सही माझी आहे. लिफ्टसाठी थांबलो होतो, कागद पुढे आला, केली. कन्येला अजून वाचायला फार वेळ लागतो, हे एक बरं आहे.

काल निवाऱ्याकडून फोटो आला. (नंबर रजिस्टरमध्ये लिहून घेतला होता.) बंड्या नव्या चादरीवर, पोट वर, तिन्ही पाय तीन दिशांना. मी फोटो मोठा करून पाहिला. जुनी कुठेच दिसेना. थोडी आशा वाटली. विचारलं, "जुनी लागत नसेल तर घेऊन जाऊ का?"

लगेच उत्तर आलं, "धुवायला काढलीय काका. भिजल्यावर खूप जड झालीय, आम्हाला पिळवत नाहीये. रविवारी मोकळे आहात का?"