माल मिळाला ना? मग तक्रार कसली?

सकाळी मावशीला घेऊन बँकेत गेलो होतो. घरी आलो तो चहाही न घेता लिहायला बसलोय, कारण डोकं शांतच होईना.

मावशी सोलापुरात विजापूर रोडला घरीच ब्लाऊज शिवते. दसऱ्याच्या आधी तिने ऑनलाइन शिलाई मशीन घेतलं, १८,९०० रुपयांना. नव्या पेठेत तसंच मशीन नऊ हजारांच्या आसपास मिळतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण जाहिरातीत ठळक अक्षरांत होतं, ९० दिवसांनी पूर्ण रक्कम परत. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत पैसे येतील, नातीला पैंजण करू, असा तिचा हिशेब. गड्डा उठला, पैसे आले नाहीत. आधी 'प्रक्रियेत आहे' असे मेसेज, मग फोन बंद, आता वेबसाइटच उघडत नाही.

पैसे क्रेडिट कार्डाने भरलेले. कार्डही बँकेनेच मागे लागून दिलेलं. मावशीने बिल, जाहिरात, मेसेज, सगळ्याच्या प्रिंट काढून पिशवीत नीट लावून आणल्या होत्या. साहेबांनी पिशवी उघडूही दिली नाही. "आजी, माल मिळाला ना? मग तक्रार कसली?"

अहो, माल मिळाला, पण नऊ हजारांचा! वरचे ९,९०० कशाचे? त्या वचनाचे. वचन नसतं तर मावशीने हे मशीन घेतलंच नसतं. वस्तू आणि वचन मिळून एकच सौदा होता. त्यातला अर्धा बुडाला, तर सौदा पुरा झाला असं कोणत्या तोंडाने म्हणता?

हो, मोह झाला. मान्य. पुढे बोला.

ही चाल जुनी आहे. अमेरिकेत सायबररिबेट नावाची वेबसाइट होती. वस्तूंना बाजाराच्या कितीतरी पट भाव लावायचा आणि पूर्ण पैसे परत देतो म्हणायचं. २००१ च्या मे महिन्यात तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि परताव्याची वाट बघणारे ग्राहक लटकले. आपल्याकडे पंचवीस वर्षांनंतरही तेच चाललंय, आणि काउंटरवरचा माणूस विचारतो तक्रार कसली!

ब्रिटनमध्ये १९७४ चा ग्राहक कर्ज कायदा आहे. त्याच्या कलम ७५ नुसार वस्तूची किंमत १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल, तर विक्रेत्याने करार मोडल्यावर किंवा खोटं सांगून विकल्यावर क्रेडिट कार्ड देणारी बँकही त्याच्याइतकीच जबाबदार धरली जाते. आपल्याला नेमकं हेच हवंय. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये परिपत्रक काढलं, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर संरक्षण देणारं, पण ते तुमच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी. मावशीने ओटीपी स्वतः टाकला. तिच्यासारख्यांना उरतो तो चार्जबॅक, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत मागायची सोय, आणि त्याला बहुतेक वेळा साधारण १२० दिवसांची मुदत. परतावाच ९० दिवसांनी ठेवायचा, वर महिनाभर 'प्रक्रियेत आहे' म्हणत झुलवायचं, म्हणजे व्यवहाराच्या तारखेपासून मोजलं तर मुदत तिथेच सरते. मावशी बिचारी मेसेजवर विश्वास ठेवून बसली.

बँकेने प्रत्येकाच्या मोहाची भरपाई का करावी, असं कुणी म्हणेल. ठीक आहे. पण कागद तर बघा! साठीतली बाई दोन रिक्षा बदलून येते आणि तुम्ही तिची पिशवीही उघडत नाही?

परत येताना सात रस्त्यापर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "मी फुकट मागत होते व्हय रे?" मला उत्तर देता आलं नाही. हे लिहितानाही घसा दाटतोय.

उद्या लेखी तक्रार देऊन पोच घेणार आहोत. चार्जबॅकचा अर्ज नाकारायचा असेल तर कारण लेखी द्या, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तिथे फी लागत नाही. विक्रेत्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथेही शुल्क नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद आजच केली.

सोलापुरात आणखी कुणी अशा 'पूर्ण रक्कम परत'मध्ये अडकलं असेल, तर मला मेसेज करा. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि कार्डाचं स्टेटमेंट जपून ठेवा, मोबाइलमधून काही पुसू नका. मावशीबरोबर तुमचेही अर्ज लिहून देतो.