प्रौढ ऑटिस्टिक माणसाचा झोका काढून घेऊ नका

गेल्या काही आठवड्यांपासून व्हॉट्सॲपवर ‘ऑटिझम असलेल्या मोठ्या मुलांच्या पालकांसाठी अत्यंत महत्त्वाचे’ अशा मथळ्याचा एक संदेश फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: झोका हे लहान मुलांचे खेळणे असून बाराव्या वर्षानंतरही झोके घेणाऱ्या ऑटिस्टिक व्यक्तीचे मानसिक वय पाच वर्षांवरच अडकते, झोक्यामुळे मेंदूतील पाणी हलते आणि फिट्स सुरू होतात, झोका हे एक व्यसन असून ते माणसांपासून तोडते, म्हणून २१ दिवस झोका पूर्ण बंद ठेवावा आणि रडण्याओरडण्याकडे लक्ष देऊ नये, परदेशात मोठ्यांच्या झोक्यांवर बंदी आहे, आणि मोठ्या माणसांमुळे बागेतले झोके तुटतात. खाली कोणा डॉक्टरांचे वा संस्थेचे नाव नाही. दहा पालकांना पाठवण्याची विनंती मात्र आहे.

माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे आणि घराजवळच्या महापालिकेच्या उद्यानात रोज संध्याकाळी झोके घेतो. मावशीने हा संदेश आईला पाठवला, आईने तो खरा मानला आणि भावाचे उद्यानात जाणे बंद झाले. मावशीचा हेतू वाईट नव्हता, हे मी मान्य करते. पण चांगल्या हेतूने पाठवला म्हणून खोटा मजकूर खरा होत नाही.

मानसिक वयाचा मुद्दा लवकर निकालात काढता येतो. ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये, शाळेत कोणत्या मुलांना जादा मदत लागेल हे ओळखण्यासाठी तयार केलेल्या चाचण्यांतून आली. चाचणीतल्या गुणांवरून माणसाने काय आवडून घ्यावे हे ठरत नाही. शिवाय झोका बालिश, हे महाराष्ट्रात कोणी सांगावे? कोकणातल्या पडवीत झोपाळा असतो, विदर्भात त्याला बंगई म्हणतात, आणि त्यावर जेवणानंतर पायाने हलके रेटे देत बसलेल्या आजोबांचे मानसिक वय आजवर कोणी मोजलेले नाही. नागपंचमीला झाडाला दोर बांधून झोके चढवणाऱ्या बायका लहान मुली नसतात. तोच झोका ऑटिस्टिक माणसाने घेतला की मात्र तो लक्षण ठरतो.

मेंदूतील पाण्याचा मुद्दा कुठून आला असावा, याचा अंदाज करता येतो. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके फिरले की त्यांतला द्रव हलतो आणि त्यावरून मेंदूला हालचालीची दिशा कळते. हा द्रव हलण्यासाठीच असतो आणि नुसती मान वळवली तरी हलतो. त्याचे हलणे घातक असते, तर एसटीने घाट उतरणारा एकही प्रवासी धड राहिला नसता. फिट्सच्या बाबतीत अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने सांगते. ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये अपस्माराचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते, आणि ज्याच्या फिट्स औषधांनी आटोक्यात आलेल्या नाहीत त्याने न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय उंच झोके घेऊ नयेत, कारण फिट आल्यास हातातली साखळी सुटून तो पडेल. परंतु फिट आल्यामुळे झोक्यावरून पडणे आणि झोक्यामुळे फिट येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संदेश लिहिणाऱ्याने त्यांची अदलाबदल केली आहे.

आता २१ दिवसांविषयी. संदेशातला सर्वांत घातक भाग हाच आहे, आणि आमच्या घरात अमलात आला तोही हाच. सवय २१ दिवसांत तुटते, ही समजूत एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० सालच्या पुस्तकात मांडलेल्या निरीक्षणातून पसरली. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान तेवढे दिवस लागतात, एवढेच त्याने नोंदवले होते. त्याचा ऑटिझमशी काही संबंध नाही, झोक्याशी तर नाहीच.

झोका ही नुसती सवय आहे, हे गृहीतकच चुकीचे आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली निदानाचे निकष नव्याने लिहिले, तेव्हा संवेदनांना नेहमीपेक्षा जास्त किंवा कमी प्रतिसाद असणे ही बाब ऑटिझमच्या निकषांत प्रथमच स्पष्टपणे आली. म्हणजे एखाद्याला मिक्सरचा आवाज असह्य होतो, तर दुसऱ्याला शरीराच्या हालचालीची संवेदना भरपूर हवी असते. सगळ्याच ऑटिस्टिक प्रौढांना झोका आवडतो असेही नाही. पाय जमिनीवरून सुटताच घाबरणारेही आहेत, आणि त्यांना बळेच झोक्यावर बसवणे तितकेच चूक आहे. ज्यांना आवडतो, त्यांच्यासाठी झोक्याचा एक गुण मोठा आहे: तो दगा देत नाही. दोन मीटर लांबीच्या साखळीवरचा झोका जाऊन परत यायला सुमारे २.८ सेकंद घेतो; खूप उंच चढवला तर किंचित जास्त, पण बसणाऱ्याच्या वजनाने त्यात जवळजवळ फरक पडत नाही. दिवसभर लोकांचे बोलणे, हॉर्न आणि अचानक बदलणारे बेत सोसल्यानंतर पुढे काय होणार हे नेमके सांगता येणारी एवढी गोष्ट मिळत असेल, तर तिचा मोह का होऊ नये?

याबाबत ऑटिस्टिक प्रौढांना स्वतःला काय वाटते, हे विचारण्याची तसदी फारच थोड्यांनी घेतली. संशोधक स्टीव्हन कॅप आणि सहकाऱ्यांनी ती घेतली. त्यांचा अभ्यास २०१९ साली ‘ऑटिझम’ या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्यांनी ३२ ऑटिस्टिक प्रौढांना स्टिमिंगविषयी, म्हणजे डोलणे, हात फडफडवणे यांसारख्या पुन्हापुन्हा होणाऱ्या हालचालींविषयी विचारले. भावना आणि संवेदना अनावर झाल्या की या हालचालींनी स्वतःला सावरता येते, असे या प्रौढांनी सांगितले, आणि त्या मोडून काढण्यासाठी केल्या जाणाऱ्या उपचारांना विरोध नोंदवला. त्रास हालचालींचा नसून त्या पाहून लोक नाके मुरडतात त्याचा होतो, हाही सूर त्यांच्या बोलण्यात होता. अभ्यास झोक्यापुरता नव्हता आणि ३२ ही संख्या मोठी नाही, हे खरे. पण निनावी संदेशाच्या तुलनेत ३२ माणसांचे म्हणणे पुष्कळ आहे.

माणसांपासून तोडण्याविषयी एवढेच सांगते. माझा भाऊ उद्यानात गेला की चपला काढून खांबाजवळ शेजारी शेजारी ठेवतो. कडेचाच झोका त्याला लागतो. तो रिकामा नसेल तर थांबतो. साखळी इतरांपेक्षा वीतभर वर धरतो, पाय मारून झोका चढवतो आणि पुढच्या टोकाला पोहोचला की प्रत्येक वेळी एकच स्वर गुणगुणतो. मन भरले की ‘झालं’ म्हणून स्वतःच उतरतो. व्यसन असे आपणहून थांबत नसते. उतरल्यानंतर तो रखवालदाराला हात करतो आणि परतताना दुकानातून दूध घेतो. दिवसभरात अनोळखी माणसांत तो सर्वांत सहज वावरतो ती वेळ हीच. झोका बंद झाल्यावर तो संध्याकाळभर स्वयंपाकघर आणि दार यांच्यामध्ये येरझाऱ्या घालू लागला आणि शर्टाची कॉलर चावू लागला. संदेशाच्या हिशोबाने हा ‘सवय तुटतानाचा त्रास’ होता, म्हणजे त्रास जितका अधिक तितका उपाय लागू पडतो आहे असे समजायचे. असा सल्ला खोटा ठरवायला जागाच उरत नाही, म्हणून तो धोकादायक आहे.

परदेशातल्या बंदीची गोष्ट तर धादांत खोटी आहे. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये २०११ साली रस्त्याकडेला २१ संगीतमय झोके बसवले गेले, ते सर्व वयांच्या लोकांसाठी. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये २०१४ साली एका मोकळ्या मैदानात २० प्रकाशमान वर्तुळाकार झोके आले आणि त्यांवर मोठी माणसेच गर्दी करत होती.

जाता जाता उलट बाजूचाही समाचार घ्यायला हवा, कारण झोक्याने ऑटिझम बरा होतो असे सांगणारेही काही कमी नाहीत. जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या विचारांपासून, म्हणजे १९७०च्या दशकापासून, थेरपीच्या खोल्यांत झोके आले; पण अशा संवेदनाधारित उपचारांविषयीचे संशोधन तोकडे आहे, असे अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ सालच्या निवेदनात स्पष्ट म्हटले आहे. मला त्याची अडचण वाटत नाही. भाऊ झोक्यावर बरा होण्यासाठी बसत नाही, त्याला मजा येते म्हणून बसतो. आपण क्रिकेट पाहतो किंवा गच्चीवर गप्पा मारत बसतो, तेव्हा त्याचा उपयोग काय, असे विचारायला कोणी येत नाही. त्यालाच का विचारावे?

राहिला झोके तुटण्याचा मुद्दा, आणि संदेशात दखल घेण्यासारखा एवढाच आहे. झोका सरळ खाली लटकलेल्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत गेला, तर तळाशी येताना साखळ्यांवर बसणाऱ्याच्या वजनाच्या दुप्पट भार येतो. ८० किलोच्या माणसासाठी तो १६० किलोंइतका होतो. लहान मुलांसाठी बसवलेली पातळ पट्टी आणि झिजलेले हूक एवढा भार पेलतीलच असे नाही. तान्ह्या मुलांच्या टोपलीवजा झोक्यावर मोठ्याने बसू नये आणि सुट्टीच्या दिवशी रांग असेल तर मुलांना आधी जागा द्यावी, हेही मान्य. पण यावर उपाय झोका मजबूत करणे हा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांच्या यादीत ऑटिझम आहे, आणि त्याच अधिनियमाच्या कलम २९ नुसार दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने करमणुकीत भाग घेता यावा यासाठी शासन आणि स्थानिक प्राधिकरणांनी उपाययोजना करायची आहे. महापालिकेचे उद्यान त्यातून सुटत नाही.

आईला हे सगळे वाचून दाखवले. तिला २१ दिवसांच्या उगमाचे फारसे काही वाटले नाही. ३२ माणसांचे म्हणणे मात्र तिने पुन्हा वाचायला लावले, आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतः भावाला घेऊन उद्यानात गेली. तिथे ‘१२ वर्षांवरील व्यक्तींनी खेळणी वापरू नयेत’ अशी पाटी आहे. रखवालदार भावाला ओळखतो म्हणून अडवत नाही, पण रखवालदार बदलतात. म्हणून रुंद पट्टीचा, जाड साखळीचा एक झोका प्रौढांसाठी बसवावा, सर्व झोक्यांचे हूक पावसाळ्यापूर्वी तपासावेत आणि पाटीवर दिव्यांग व्यक्तींचा अपवाद लिहावा, असा अर्ज उद्यान विभागाला दिला आहे.