पिवळा की हिरवा?

आमच्या जमिनीच्या गटाला नवीन विकास आराखड्यात कुठला झोन लागलाय यावरून भावकीत नुसती धुसफूस चालू होती. काका म्हणतात पिवळा, म्हणजे रहिवासी, म्हणजे बिल्डर दारात उभाच. आत्या म्हणते हिरवा, शेती झोन, गुपचूप कांदा लावा. मोबाईलवर पीडीएफ उघडावी तर झूम केलं की सगळं धूसर, म्हणून म्हटलं मोठी कलर प्रिंटच मागवू. प्रारूप आराखड्यावर हरकतीला मिळतात 30 दिवस, आणि आमच्याकडे त्यातले निम्मे "बघू रे" म्हणण्यातच जातात.

प्रिंटवाल्याने बिचाऱ्याने नळीत घालून, वर लाल मार्करने "दुमडू नये" असं लिहून पाठवलं. कुरिअरवाल्या पोराने गाडी चालूच ठेवून नळी गेटवरून भिरकावली, ती तुळशीवृंदावनावर आपटून थेट पाण्याच्या टाकीखाली, गेटच्या कॅमेऱ्यात सगळं आलंय. त्याच्यावर फार चिडताही येत नाही, पाठीवर डोक्याच्या वर जाणारी बॅग आणि गाडीच्या टाकीवर अजून ढीग, तो तरी किती ठिकाणी उतरणार. पण नळी मधोमध पार चपटी झाली होती, म्हणजे आधी कुठल्यातरी गोडाऊनमध्ये तिच्यावर कोणाचा तरी मिक्सर बसून आलेला.

उघडली तर घडी बरोब्बर आमच्या गटावर! शाई उडून पांढरी रेघ, असेल 2 मिलिमीटर. पण नकाशा 1:10,000 चा, म्हणजे जमिनीवर ते झाले 20 मीटर. विहीर, गोठा आणि ज्याच्यावरून दोन घरं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत तो बांध, सगळं त्या रेघेत गडप. रेघेच्या अलीकडे पिवळा, पलीकडे हिरवा.

कस्टमर केअरला फोन लावला तर बाई गोड आवाजात म्हणाली, सर, सील फोडतानाचा अनकट व्हिडिओ आहे का? नाही म्हटल्यावर तिने माझा दिवस शुभ जावो म्हणून फोन ठेवला.

मग गेटवरचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला, मागोमाग नकाशाचा फोटो. व्हिडिओ दीड मिनिटाचा, पण पहिला अंगठा दहा सेकंदांत हजर. चुलतभावाचं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारं तोंड. मावशीचे जोडलेले हात, ते कोणासाठी देव जाणे. काकू म्हणे, तुळस छान झालीये हो, खत कुठलं घालता? भाऊजींना वाटलं आम्ही प्लॉट घेतला, त्यांचं अभिनंदन आणि पेढे कधी. काकांनी व्हिडिओखालीच लिहिलं, "पिवळाच आहे. नीट बघा." तुळशीत!

दादाने शहाणपणाचं लिहिलं, नगररचना ऑफिसातून गट नंबर देऊन झोन दाखला काढू, लेखी मिळेल, वाद नको. त्यावर एक अंगठा नाही, काही नाही.

काकांनी मात्र तो फोटो त्यांच्या जमीन खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर फॉरवर्ड केला. संध्याकाळी एका एजंटचा फोन आला.

"साहेब, ती मधली पांढरी पट्टी रोडमध्ये जातीय ना? मग रोडटचचा रेट लावू की आपण!"